राइस कुकर लावला की घरची लाईट जाते: पावसाळ्यातलं हे दुखणं कसं शोधायचं

मिरगाचा पाऊस धरला की आमच्या फोंडा-डिचोली भागातून मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावला, दहा-पंधरा मिनिटं झाली आणि सगळ्या घरची लाईट गेली. मेन वर केला की येते, कुकरचं बटण दाबलं की परत जाते. दुकानात नेऊन दाखवला तर तिथे मस्त चालतो. घरी आणला की एक-दोन दिवस बरा, आणि मग पुन्हा तेच. मी घरगुती वायरिंगची आणि लहानसहान उपकरणं दुरुस्त करायची कामं करतो. या तक्रारीमागचं कारण बहुतेक वेळा सापडतं, आणि निम्मं तर घरच्या माणसालाच सापडतं. मला काळजी वाटते ती लोक त्यावर जो उपाय करून घेतात त्याची. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

मी इथे राइस कुकर धरून बोलतोय, कारण आपल्या उकड्या तांदळामुळे गोव्यात त्याचं दुखणं जरा वेगळं आहे. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणि इंडक्शन वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हात कोरडे करा

लाईट गेली की सगळे धावतात मेनकडे. जरा थांबा. आधी हात पुसा, पायात चप्पल घाला, कुकरच्या सॉकेटचा स्विच बंद करा आणि मग थ्री-पिन टॉप काढा. टॉपला धरून काढा, वायर ओढू नका. ओट्यावर पेज सांडली असेल, तिचा ओघळ बोर्डापर्यंत गेला असेल किंवा पायाखाली पाणी असेल, तर कुकरला हातसुद्धा लावू नका. आधी मेन खाली आहे याची खात्री करा, मग बाकीचं. सांडलेली पेज टॉप काढल्याशिवाय पुसायची नाही. घाईत हीच चूक जास्त होते, कारण ओटा घाण झालेला बाईमाणसाला बघवत नाही आणि फडका आधी हातात येतो.

टॉप काढल्यावर मेन एकदा वर करून बघा. कुकर लावलेला ठेवून मेन पुन्हापुन्हा चढवत बसू नका.

पडला कोणता स्विच?

मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि बहुतेकांना उत्तर देता येत नाही. म्हणून आज, लाईट असताना, डीबीचं, म्हणजे घरचे सगळे मुख्य स्विच असतात त्या पेटीचं, झाकण उघडून नीट बघून ठेवा.

रांगेत जे अरुंद स्विच दिसतात ते एमसीबी. त्या तारेतून पेलणार नाही इतका करंट जायला लागला किंवा शॉर्ट झाला की तो पडतो, आणि बहुतेक वेळा घराचा तेवढाच भाग काळोखात जातो. त्यांच्या आधी एक रुंद स्विच असतो, त्यावर एक छोटं बटण असतं आणि बटणावर 'टी' असं अक्षर. तो आरसीसीबी. जुनी माणसं अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम वेगळं. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत ताडून बघतो. घरी लावतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे तेवढा करंट वाटेत कुठे गळला की क्षणात सगळ्या घरची लाईट तोडायची. गळलेला करंट कुकरच्या पत्र्यातून अर्थिंगमध्ये जात असेल, नाहीतर कुकरला हात लावलेल्या माणसाच्या अंगातून जमिनीत.

सगळं घर काळोखात जातंय आणि खाली आलाय तो 'टी'वाला स्विच, तर करंट गळतोय असं समजा. पावसाळ्यातल्या कुकरच्या तक्रारी बहुतेक याच जातीच्या. आणि गळतीचं मूळ पाण्यात असतं.

उकड्या तांदळाची पेज जाते कुठे?

राइस कुकर मुळात जपानी माणसांच्या भातासाठी निघालेलं यंत्र. तोशिबा कंपनीने १९५५ साली पहिला स्वयंचलित कुकर बाजारात आणला. त्यांच्या भातात मापाने पाणी घालतात आणि ते सगळं तांदळातच जिरवतात. आज आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या, एका कळीच्या कुकरची युक्तीही त्यावरच चालते. तापणाऱ्या जाड तव्याच्या मधोमध एक गोल बोंड असतं, स्प्रिंगवर खालीवर होणारं. त्याच्या आत लोहचुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपलं की ते वर चढतं, १०३ अंशांच्या आसपास त्या चुंबकाला धरलेल्या धातूची चुंबकी ताकद जाते, कळ टक् करून वर उडते आणि कुकर 'वॉर्म'वर येतो.

आपला उकडा तांदूळ या हिशेबात बसत नाही. त्याला पाणी भरपूर लागतं, वेळ जास्त लागतो, आणि आपण तो शिजवून वरची पेज गाळून काढतो. म्हणून आपण भांडं काठोकाठ भरतो. पिठूळ पाण्याला उकळी आली की फेस चढतो, झाकण उचलतो आणि पेज भांड्याच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरते. बाहेरून ओटा पुसला की झालं असं वाटतं. पण भांडं आणि कुकरचं कवच यांच्यामध्ये जी फट असते, तिथून उतरलेली पेज तव्यावर जाते, आणि तव्याच्या मधल्या बोंडाभोवतीच्या भोकातून थेट बुडात पडते. वायरी जोडलेल्या असतात त्या तिथेच.

असा कुकर उलटा करून बुडाचे स्क्रू काढले की आतलं दृश्य ठरलेलं असतं. पत्र्यावर तपकिरी पापुद्रा, वाळलेल्या कांजीसारखा, नखाने खरवडला तर कपच्या निघतात. टर्मिनलच्या पट्ट्यांवर गंज. वायरींवर चढवलेल्या पांढऱ्या नळ्या पिवळ्या पडून चिकट झालेल्या. बऱ्याचदा मुंग्यांचं वारूळच, कारण भाताचा अंश आणि ऊब त्यांना एका ठिकाणी मिळते. कधी एखादी मेलेली पाल.

हा वाळलेला पापुद्राच दर दोन दिवसांनी होणाऱ्या त्रासाचं कारण. मे महिन्यात तो कोरडा असतो, काही करत नाही. जून उजाडला, हवा दमट झाली की तो ओल धरतो, आणि जिवंत टर्मिनलपासून पत्र्यापर्यंत करंटला वाट मिळते. भातात मीठ घालायची सवय असेल तर जास्तच. म्हणून आज पेज उतू गेली नाही तरी लाईट जाते. कुकर थोडा वेळ तापला की आतली ओल उडते, मग दोन दिवस बरा चालतो. दुकानात तो चालून दाखवतो त्याचंही कारण बहुधा हेच असतं: तिथे पोचेपर्यंत वाळलेला असतो, आणि दुकानदार त्यात फक्त साधं पाणी तापवून बघतो.

दुसरं एक कारण चवथीच्या सुमारास भेटतं. मोठं भांडं म्हणून वर्षभर माळ्यावर ठेवलेला कुकर पाहुण्यांसाठी खाली उतरवला, आणि बटण दाबताक्षणी लाईट गेली. त्यात पेज गेलेली नसते. तापणाऱ्या नळीत तारेभोवती एक पांढरी भुकटी दाबून भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. नळीची टोकं कालांतराने उघडी पडली की ती भुकटी हवेतलं पाणी शोषते. महिनोन् महिने न वापरलेल्या कुकरमध्ये, गिझरमध्ये, ओव्हनमध्ये हे होतं. कुकर कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवला तर कधी सुधारतो. नाही सुधारला तर दुरुस्तीवाल्याकडे नेऊन आतून वाळवून घ्यावा लागतो. घरी गॅसवर किंवा निखाऱ्यावर धरून वाळवायचा नाही. आतल्या वायरी वितळतात.

'बहिणीकडे तर चालला'

आता त्या उपायाबद्दल, ज्याची मला धास्ती वाटते. एका काकींनी मला सांगितलं, "भाऊ, कुकर बरा आहे. बहिणीच्या घरी नेऊन लावला, पूर्ण भात शिजला. आमचा तो स्विचच नाजूक आहे, काढून टाक." असं सांगणारी माणसं मला दरवर्षी भेटतात. मी काकींना विचारलं, बहिणीच्या घरी 'टी'वाला स्विच आहे का? नव्हता. जुनं घर, मीटरजवळ चिनीमातीचे फ्यूज आणि तारा.

तिथे कुकर चालला यावरून कुकर बरा ठरत नाही. तिथे करंट गळत होता, फक्त सांगणारं कोणी नव्हतं. त्या घरात अर्थिंगही धड नसेल तर कुकरचा पत्रा जिवंत झालेला असू शकतो, आणि ते कळणार ते भात काढायला हात लावल्यावर, ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून.

आरसीसीबी काढून टाकणारे, त्याला बाजूने तार टाकून थेट करणारे, किंवा 'अर्थमुळे ट्रिप होतंय' म्हणून टॉपमधली अर्थची हिरवी तार कापणारे लोक आहेत. लाईट जायची थांबते हे खरं. कारण आता गळती बघणारंच कोणी उरलं नाही. असं काम मी करत नाही, आणि कोणी तुमच्या घरी करायला निघाला तर त्याला करू देऊ नका. तसंच ३० मिलिअँपिअरचा काढून १०० चा लावतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. माणसाचा जीव वाचवायला ३० चाच लागतो.

हाही एक मर्यादेचा मुद्दा लक्षात असू द्या: एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर आरसीसीबीला काही कळत नाही, कारण गेलेला करंट पूर्ण परत येतोच. म्हणून तो आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळ नको. त्याचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे, बदलून घ्या.

घरी शोधायची रीत

कुकर काढून ठेवलाय आणि मेन वर टिकून आहे. त्याच सॉकेटला इस्त्री लावा. इस्त्रीचा लोड कुकरपेक्षा कमी नसतो. इस्त्रीनेही आरसीसीबी पडला तर कुकरला दोष देण्याआधी सॉकेट आणि मागचं वायरिंग बघायला हवं. बोर्डात ओल उतरलीय का, भिंत पाझरतेय का, कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेत का. इन्व्हर्टर बसवताना दोन वेगळ्या लाईनींचे न्यूट्रल एकत्र केले असले तरीही मोठा लोड घेतला की आरसीसीबी पडतो. हे वायरमनचं काम, तुम्ही फक्त 'इस्त्रीनेही पडतो' एवढं सांगितलंत तरी त्याचे दोन तास वाचतील.

इस्त्री चालली, तर कुकर रिकामा, बाहेरून पूर्ण कोरडा करा. आतलं भांडं काढून त्याचं बूड आणि तवा पुसा, बोंडाभोवती ओल आहे का बघा. काढता-घालता येणारी वायर असेल तर तीही बघा, कुकरच्या अंगाला जिथे ती लागते तिथे काळं किंवा हिरवं काही दिसतंय का. मग कुकर एक दिवस पंख्याखाली ठेवा आणि भांड्यात पेलाभर पाणी घालून पुन्हा लावा. टॉप घालताना सॉकेटचा स्विच बंद असू द्या. स्विच चालू करताच लाईट गेली तर आत टर्मिनल किंवा वायरीतच दोष आहे. 'कुक'ची कळ दाबल्यावर गेली तर एलिमेंटवर, म्हणजे तापणाऱ्या नळीवर, संशय. पाच-दहा मिनिटांनी, वाफ धरल्यावर गेली तर ओल किंवा पापुद्रा. ही तिन्ही उत्तरं दुरुस्तीवाल्याला सोन्यासारखी असतात.

एखादे वेळी कुकर थोडाच गळत असतो, पण त्याच वेळी जुना फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीनही थोडंथोडं गळत असतात, आणि सगळ्यांची बेरीज आरसीसीबीला सहन होत नाही. हा स्विच ३० च्या आतच, पंधराच्या पुढे कधीही पडू शकतो. म्हणून गिझर बंद असताना कुकर चालतो आणि चालू असताना लाईट जाते असं दिसलं तर तेही सांगा. अशा वेळी दोष कदाचित गिझरमध्ये जास्त असेल.

पेज उतू जाऊ नये म्हणून

कुकर साफ झाला, आता तो तसाच राहायला हवा. उकडा तांदूळ आदल्या रात्री किंवा निदान तासभर भिजत घाला, मग पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागतात. पिठूळपणा जाईपर्यंत धुवा. तांदूळ आणि पाणी मिळून भांडं निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. घरात माणसं जास्त असतील तर दोन खेपा करा किंवा तो भात सरळ टोपात गॅसवर करा. चमचाभर खोबरेल घातलं तर फेस कमी चढतो. पहिली उकळी येईपर्यंत शेजारी राहा, आणि फेस वर आला की झाकण जरा कलतं करा. वाफेच्या वर हात किंवा तोंड आणायचं नाही, भाजतं.

पेज गाळायची असेल तर आधी स्विच बंद, टॉप बाहेर, मग फडक्याने भांडं उचला. गाळून झाल्यावर भांड्याचं बूड पुसूनच परत आत ठेवा. बुडाला चिकटलेलं एक शीतसुद्धा तव्यावर अडकलं तर भांडं टेकत नाही, भात कच्चा राहतो आणि तवा तेवढ्याच ठिकाणी जास्त तापतो. भांडं गॅसवर ठेवून त्यात फोडणी करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: बूड वाकडं झालं की कुकर कधीच नीट बंद होत नाही.

आजारी माणसासाठी निव्वळ पेज करायला कुकर लावत असाल तर समोर बसूनच लावा. त्यात पाणी संपतच नाही, म्हणून तापमान १०० च्या वर जात नाही आणि कळ आपोआप उडत नाही. कुकर तासन् तास उकळत राहील. 'आपोआप बंद होतो' या भरवशावर पेज लावून देवळात निघून जाऊ नका.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्येही भात आणि डाळ निम्म्याच्या वर भरू नये. फेस वाफेच्या वाटेत गेला की झडप तुंबते. रबर आणि झडप प्रत्येक वेळी धुवून वाळवा, आणि पिन खाली बसल्याशिवाय झाकणाला जोर लावू नका.

एमसीबी पडत असेल तर

हिशेब सोपा आहे. राइस कुकर ७०० वॅट, इंडक्शन १८००, गिझर २०००, आणि त्यातच हुमणाचं वाटण लावायला मिक्सर ७५०. एकूण ५२५०. याला २३० व्होल्टने भागलं तर जवळजवळ २३ अँपिअर. हे सगळं एकाच १६ अँपिअरच्या लाईनवर असेल तर एमसीबी लगेच नाही पडणार. तार तापेल, काही वेळाने पडेल. पावसाळ्यात सकाळी आंघोळी आणि स्वयंपाक एका वेळी चालतात तेव्हा हे होतं. एमसीबी मोठा घालून हा प्रश्न सोडवायचा नाही, भिंतीतली तार तीच राहते आणि ती जळते. गिझरला वेगळी लाईन ओढून घ्या. तोवर पाळीपाळीने वापरा.

बांगडे तळले नाहीत, तरी वास येतोय

सॉकेट किंवा टॉप जास्त तापला की त्याच्या प्लास्टिकला मासळीसारखा वास सुटतो. दुसरीकडे कोणी चमकेल, पण आपल्या स्वयंपाकघरात तो वास रोजचा, त्यामुळे लक्ष जात नाही. म्हणून मुद्दाम सांगतो. सोमवारी, गुरुवारी, घरात निस्तं नसताना बोर्डाजवळ तसा वास आला तर लगेच स्विच बंद करा. टॉपच्या पिना काळवंडल्यात का, सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी कड आलीय का बघा. कुकर भात शिजवत असताना टॉपला हाताची पाठ लावून बघितलं आणि चटका बसला, तर आत लूज आहे. समुद्राजवळच्या घरांत, पेडण्यापासून काणकोणापर्यंत, खाऱ्या हवेने पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि पकड ढिली होते. असं सॉकेट घासूनपुसून वापरायचं नसतं, नवीन घालायचं. आणि कुकर, इंडक्शन, इस्त्री यांतलं काहीही एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

अर्थिंगकडे कोण बघतं?

कोणीच नाही. कुकरला हात लावला की झिणझिण्या येतात, लाईट मात्र जात नाही, अशी तक्रार असेल तर ती या लेखातल्या सगळ्यात धोक्याची समजा. अर्थिंग पोचत नाही, आणि आरसीसीबी एकतर नाही किंवा गळती अजून तो पडण्याइतकी नाही, असा त्याचा अर्थ. कुकर त्या क्षणापासून बंद. आपल्याकडे घरं बहुतेक चिऱ्यांच्या जमिनीवर. चिऱ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होतो आणि त्याची ओढ कमी होते. जुन्या घरांत तर लोखंडी पाइपच गंजून तुटलेला असतो, वर फक्त तार दिसते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला आणि कधीतरी वायरमनकडून अर्थ मोजून घ्या.

वीज ये-जा करते तेव्हा

साध्या कुकरची कळ वीज गेली तरी खालीच राहते. वीज आली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो, घरात कोणी असो नसो. म्हणून लाईट गेली की टॉप काढून ठेवा. मेमधला आणि ऑक्टोबरमधला गडगडाट सुरू झाला तरीही काढा, विशेषतः डिजिटल कुकर. व्होल्टेज कमी असताना भात कच्चा राहतो तो कुकरचा दोष नव्हे: १९० व्होल्टला ७०० वॅटचा कुकर पाचशेचाही राहत नाही. उलट दिवे अचानक भगभगायला लागले, पंखा जोरात फिरायला लागला, तर बाहेर खांबावरचा न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता असते. तेव्हा मेन खाली करा आणि १९१२ वर वीज खात्याला कळवा.

उरलेला भात 'वॉर्म'वर ठेवायचा असेल तर तो कढत राहिला पाहिजे, ६० अंशांच्या वर. कोमट झालेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. कुकर बंद केला तर दोन तासांच्या आत भात पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये टाका.

दुरुस्तीला देताना

बूड उघडून पापुद्रा साफ करायला, नळ्या बदलायला, टर्मिनल घासून घट्ट करायला सांगा. काम झाल्यावर मेगर, म्हणजे करंट गळतोय का ते मोजायचं यंत्र, लावून दाखवायला सांगा. ५०० व्होल्टवर एलिमेंट आणि पत्रा यांच्यात निदान एक मेगओम यायला हवा. मेगर नसलेला, नुसता टेस्टर टेकवून 'ओके' म्हणणारा माणूस या कामाला पुरत नाही. कुकरच्या आत एक छोटा थर्मल फ्यूज असतो, कळ अडकली आणि तवा भलताच तापला तर तो जळून कुकर बंद पडतो. तो मिळत नाही म्हणून काहीजण तिथे तार जोडून देतात. तसं केलं नाही ना, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एलिमेंटच गळत असेल आणि नवा बसवायचा खर्च कुकरच्या निम्म्या किमतीवर गेला, तर नवीन घ्या, आयएसआयची खूण आणि तीन पिनांचा टॉप बघून. जुना भंगारवाल्याला देताना वायर मुळाशी कापून द्या. नाहीतर तो घासूनपुसून विकला जातो आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर लागतो.